प्रदर्शन उतरायच्या आत : सोलापुरात कलासमीक्षा शिकवताना

सोलापुरात चित्रप्रदर्शन बहुतेक वेळा दोन-तीन दिवसांचं असतं. शुक्रवारी संध्याकाळी उद्घाटन, रविवारी रात्री चित्रं खोक्यांत. मुंबईच्या जहांगीर कलादालनात १९५२पासून एक प्रदर्शन उतरलं की दुसरं लागतं. इथे सभागृह मिळेल तेव्हा आणि भाडं परवडेल तेवढे दिवस. नंतर काही चित्रं विकली जातात, काही माळ्यावर पडतात, कॅटलॉग तर सहसा छापलेलाच नसतो. म्हणून कलेचा इतिहास शिकवताना आम्ही विद्यार्थ्यांकडून समीक्षा लिहून घेतो ती एका ठाम समजुतीने : इथे समीक्षा ही आधी नोंद आहे, मग मत. मत दहा वर्षांनी दुसरं कुणी खोडून काढू शकतं. भिंतीवर काय होतं हेच कुणी लिहिलं नसेल, तर खोडायलाही काही उरत नाही.

पहिला धडा वेळेचा. उद्घाटनाला जरूर जावं, पण चित्रं पाहायला म्हणून जाऊ नये. दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ, मनोगतं, मग फोटो. चित्रांसमोर माणसांच्या पाठी असतात आणि पाहुण्यांचा बॅनर नेमका सर्वांत मोठ्या चित्रावर आलेला असतो. पाहायला दुसऱ्या दिवशी जायचं, हॉल उघडल्याच्या पहिल्या तासात. एप्रिल-मेमध्ये दुपारी एक ते चार हीदेखील उत्तम वेळ, कारण पारा चाळिशीपुढे गेल्यावर सोलापूरकर घराबाहेर पडत नाही आणि अख्खा हॉल आपल्याला मिळतो.

सोबत पाच मीटरचा टेप, दहापट मोठं दाखवणारं छोटं भिंग, बिनरेघी वही आणि टूबी पेन्सिल. पेन नको. चित्राजवळ शाई न्यायची नाही, हा संग्रहालयांत पाळला जाणारा नियम हॉलमध्येही पाळायचा. मोबाइल खिशात, फोटो शेवटच्या फेरीत आणि चित्रकाराला विचारून, फ्लॅश बंद ठेवून. फोटो आधी काढला की डोळा काम सोडून देतो, हे दरवर्षी दिसतं. ज्यांनी आधी फोटो काढले त्यांच्या वहीत आकार, कडा, पोत यांबद्दल काहीच नसतं.

पहिली फेरी न थांबता, न लिहिता, सगळ्या हॉलभर. ती एवढ्यासाठीच की एकूण किती चित्रं, कोणत्या क्रमाने, कुठे गर्दी आणि कुठे मोकळी भिंत, हे कळावं. मग एकच चित्र निवडून त्याच्यासमोर अर्धा तास. विद्यार्थ्यांना हा अर्धा तास फार जड जातो. पहिल्या पाच मिनिटांत ओळखीच्या वस्तूंची नावं संपतात, मग कंटाळा येतो, आणि कंटाळ्यानंतर खरं पाहणं सुरू होतं : डावीकडचा लाल उजवीकडे पुन्हा कुठे आला, क्षितिज मध्यावर आहे की खाली, कोणती कड मऊ आणि कोणती सुरीने कापल्यासारखी. या वेळात वहीत चित्राचा आराखडा काढायचा, आणि प्रमाण सोडायचं नाही. चित्र १२० सेंमी रुंद आणि ९० सेंमी उंच असेल तर वहीतली चौकट १० बाय ७.५ सेंमी. आराखडा सुंदर नसला तरी चालतो. मुख्य आकार चौकटीत कुठे बसतात ते अचूक हवं. चित्रकलेचं शिक्षण न घेतलेली, मराठी किंवा इतिहासाच्या वर्गातून आलेली मुलंही हे करू शकतात, आणि पुष्कळदा चांगलं करतात.

पानाची डावी बाजू डोळ्यांना दिसलं त्यासाठी, उजवी बाजू आपण लावलेल्या अर्थासाठी. ‘बाईचा चेहरा रंगवलेला नाही, कपाळापासून हनुवटीपर्यंत गेरूचा एकच सपाट थर आहे’ हे डावीकडे. ‘तिची ओळख पुसली गेली आहे’ हे उजवीकडे. साधी गोष्ट, पण सगळ्यांत जास्त चुका इथेच होतात. उजवीकडच्या प्रत्येक वाक्यासमोर डावीकडे निदान एक नोंद हवी, नसेल तर ते वाक्य समीक्षेत जाणार नाही, एवढा एकच नियम आम्ही कडक ठेवतो.

या नियमाची खरी कसोटी हुसेन यांच्या चित्रांपाशी लागते. मकबूल फिदा हुसेन पंढरपूरचे, जन्म १९१५चा, म्हणजे आपल्या जिल्ह्याचे. त्यामुळे वर्गात त्यांच्याबद्दल जिव्हाळा भरपूर. ते तान्हे असताना आई गेली, तिचा चेहरा त्यांना आठवत नव्हता, म्हणून त्यांच्या चित्रांतल्या बायका बिनचेहऱ्याच्या, हे स्पष्टीकरण जवळपास प्रत्येक वहीत येतं. ते खोटं नाही. पण ते हुसेन यांच्या कोणत्याही चित्राखाली चिकटवता येतं, आणि म्हणूनच एकाही चित्राबद्दल काही सांगत नाही. चेहरा नसताना त्या बाईचा भार कुठे गेला? मानेच्या कलात? हाताच्या पंजात? जाड काळ्या रेषेत? मुंबईत सिनेमाची मोठाली पोस्टरं रंगवलेल्या हाताला लांबून वाचता येणारी रेषा साधलेली असते. हे चरित्रच आहे, पण ते रेषेपर्यंत पोहोचतं, म्हणून उपयोगाचं. सुधीर पटवर्धन यांच्याबाबतीत हाच मोह दुसऱ्या रूपात येतो. ते ठाण्यात अनेक वर्षं रेडिओलॉजिस्ट होते, तेव्हा ‘माणसाच्या आतलं पाहणारा चित्रकार’ हे वाक्य आपोआप हातून उतरतं. गिरणगावाचं बदलतं रूप दाखवणारं त्यांचं २००१चं ‘लोअर परळ’ समोर ठेवलं की सोलापूरची मुलं लगेच गिरण्या बंद पडल्याच्या दुःखावर येतात, कारण १८७७ साली सुरू झालेल्या जुन्या मिलची हकिगत त्यांनी घरात ऐकलेली असते. दुःख असेलही. आधी एवढं लिहा, की चित्रकाराने बघणाऱ्याला कुठे उभं केलं आहे, रस्त्यावर की वर, आणि चित्रातली माणसं आपल्याकडे पाहताहेत की आपापल्या वाटेने चालली आहेत.

जे आपल्या रोजच्या नजरेतलं, त्याचं वर्णन सर्वांत अवघड. कलेतिहासकार एर्विन पॅनॉफ्स्की यांनी १९३९ साली प्रतिमा वाचण्याच्या तीन पायऱ्या मांडल्या : आधी नुसतं दिसणारं, मग त्यामागची ठरलेली कथा आणि खुणा, मग त्या काळाची, समाजाची समज. शिकवायला आम्ही घेतो ते विठ्ठलाचं साधं कॅलेंडर. सूचना अशी, की विठ्ठल हे नाव कधी न ऐकलेल्या माणसासाठी हे वर्णन लिहा. बहुतेक जण पहिली पायरी ओलांडून थेट दुसरीवर जातात : पुंडलिक, वीट, अठ्ठावीस युगं. पाय जुळवलेले आहेत, वजन दोन्हींवर सारखं आहे, कोपर बाहेर गेल्यामुळे शरीराच्या दोन्ही बाजूंना दोन रिकामे त्रिकोण तयार होतात आणि त्या रिकामेपणामुळेच आकृती लांबूनही ओळखू येते, हे फार थोडे लिहितात. कानातली मकरकुंडलं तर कुणाच्या लक्षातच येत नाहीत, कारण ती लहानपणापासून पाहिलेली आहेत. कॅलेंडर परत समोर धरलं की सगळे वाकून बघतात. असं एकदा झालं की मुलं पुढे कोणत्याही प्रदर्शनात ‘दिसतंय’ आणि ‘माहीत आहे’ यांची गल्लत जरा कमी करतात.

शिल्पासाठी हत्तरसंग कुडलला जावं. दक्षिण सोलापूर तालुक्यात, भीमा-सीनेच्या संगमावर. सोलापूरचे संशोधक आनंद कुंभार यांनी उजेडात आणलेला शके ९४०चा, म्हणजे इ. स. १०१८चा मराठी शिलालेख तिथला, त्यामुळे लोक जातात ते लेखासाठी. आम्ही जातो ते बहुमुखी शिवलिंगासाठी. एका दगडावर ३५९ मुखं कोरलेली आहेत, मूळ लिंग धरून ३६०. हे पाहायला उभं राहून भागत नाही. बसावं लागतं, भोवती फिरावं लागतं, आणि कुठून सुरुवात केली ते लक्षात ठेवावं लागतं. मुखं एकसारखी आहेत असं वरवर वाटतं. चार-पाच शेजारची मुखं पेन्सिलीने काढायला घेतली की फरक हाताला कळू लागतात. बाहेरची शिल्पं सकाळी लवकर किंवा उतरत्या उन्हात पाहावीत. तिरप्या उजेडात उठाव उठून दिसतो, भर दुपारी सपाट होतो. जुन्या देवळात आणखी एक नोंद न चुकता करायची : मूळ दगड कोणता आणि नंतरचा चुना, ऑइल पेंट, शेंदूर, सिमेंट कोणतं. चुन्याच्या थराखाली बोथट झालेल्या नाकावरून शिल्पकाराच्या हाताबद्दल विधान करणं अन्याय आहे.

आता ज्याच्यावर आम्ही सर्वांत जास्त वेळ देतो ते : विणलेलं चित्र. सोलापुरात त्याला सरळ वॉल हँगिंगच म्हणतात. सत्काराला, निवृत्तीला, पुढाऱ्याच्या वाढदिवसाला दिलं जातं. शिवाजी महाराज, बाबासाहेब, विठ्ठल, साईबाबा. शहराच्या पूर्व भागातून, तेलुगू बोलणाऱ्या विणकर घरांतून येणाऱ्या मुलांना माग नवा नाही, पण घरात होतं ते काम आणि कलेच्या इतिहासात शिकतो ती कला, अशी त्यांच्याच मनात भिंत असते. कलेतिहासकार हाइनरिश व्योल्फलिन यांच्यापासून कलेतिहासाच्या वर्गात दोन प्रतिमा शेजारी ठेवून शिकवायची रीत रुळली. आम्ही शेजारी ठेवतो एक तैलचित्रातलं व्यक्तिचित्र आणि एक विणलेलं.

जकार्डवरच्या, म्हणजे भोकं पाडलेल्या कार्डांनी धागे उचलणाऱ्या मागावरच्या, चित्राची सुरुवात ग्राफ पेपरवर होते. उभी रांग म्हणजे ताण्याचा एक धागा, आडवी रांग म्हणजे बाण्याची एक फेक. भरलेला चौकोन सांगतो की इथे ताणा उचलायचा. प्रत्येक आडव्या रांगेचं पुठ्ठ्याचं एक कार्ड. भोक असेल तिथे सुई आत शिरते, तिचा हूक वर जातो, धागा उचलला जातो. आता ग्राफ संगणकावर होत असला तरी हिशेब तोच आहे. त्यामुळे चेहऱ्याचा बारकावा आधीच धाग्यांच्या घनतेने ठरलेला असतो. इंचाला ६० धागे असतील तर १२ इंच रुंद चेहऱ्याला ७२० धागे मिळतात आणि तिरक्या रेषेची प्रत्येक पायरी जेमतेम ०.४ मिमीची, दोन हातांवरून दिसत नाही. इंचाला २४ धागे असतील तर पायरी १ मिमीच्या वर जाते, आणि मिशीची कड तुटक दिसू लागते.

सावलीचा प्रश्न त्याहून सुरस आहे. तैलचित्रात गालावरची छाया दोन रंग ओले असतानाच एकमेकांत ओढून करता येते. विणकराकडे तो उपाय नाही. ताणा पांढरा आणि बाणा काळा असेल तर राखाडी म्हणजे पृष्ठभागावर दोघांपैकी कोण किती दिसतं याचं प्रमाण. पाच धाग्यांच्या सॅटिनमध्ये, म्हणजे दर पाच धाग्यांनी नक्षा पुन्हा येणाऱ्या विणीत, बाणा चारांवरून जाऊन एकाखाली गेला तर सर्वांत गडद, एकावरून जाऊन चारांखाली गेला तर सर्वांत फिकट. मधल्या दोन धरून छटा चारच. आठ धाग्यांवर बांधलं तर सात. धागा फार लांब मोकळा सोडला तर तो नखाला, खिळ्याला अडकून ओढला जातो, म्हणून मोठ्या काळ्या भागातही तो मध्येमध्ये बांधून घ्यावा लागतो. भिंग लावून केसांचा काळा भाग पाहा. त्यात ठरावीक अंतराने बारीक पांढरे ठिपके दिसतील, ते हेच बांधलेले बिंदू.

एवढं समजलं की ‘हुबेहूब’ हा शब्द अपुरा पडतो आणि समीक्षेचे खरे प्रश्न सुचतात. विणकराकडे चार छटा होत्या. त्याने सर्वांत गडद छटा कुठे खर्च केली? चांगल्या कामात ती भुवया, बाहुल्या आणि नाकपुडीपुरती राखलेली दिसते. दाढी आणि फेटा एक पायरी फिकट ठेवलेले असतात, म्हणून लांबून पाहताना नजर आधी डोळ्यांकडे जाते. सॉफ्टवेअरने फोटोच्या आपोआप चार छटा पाडलेल्या असतील तर सगळा गडद फेट्यात आणि कोटात जातो, डोळे मधल्या राखाडीत बुडतात, आणि चेहरा ओळखू येऊनही निर्जीव वाटतो. मागची बाजू दाखवायला सांगावी. जो रंग समोर नको असतो तो मागे कसा नेला आहे, कापला आहे की तरंगत ठेवला आहे, यावरून कामाची शिस्त कळते. मग शेजारच्या तैलचित्राकडे परत यायचं : ज्याला हवी तितकी छटा मिळू शकते त्या चित्रकाराने तरी डोळे आणि कोट यांत फरक केला आहे का? अनेकदा केलेला नसतो. हा तुलनेचा तास संपल्यावर पूर्व भागातली मुलं वर्गात जास्त बोलू लागतात, आणि ते मोठ्या तोलाचं बोलतात.

प्रदर्शनाकडे परत. चित्राबद्दल वाईट मत होण्याआधी हॉलबद्दल मत करून घ्यावं. पांढऱ्या ट्यूबखाली लाल आणि तपकिरी मंद पडतात, निळे पुढे येतात. चित्र मळकट वाटलं तर चित्रकाराला विनंती करून ते खिडकीच्या उजेडात पाहावं. काचेच्या फ्रेममध्ये समोरची ट्यूब दिसत असेल तर एक पाऊल बाजूला सरका, आणि काचेमुळे गडद भाग वाचता आला नाही असं खरं लिहा. संग्रहालयात कागद आणि कापड यांच्यावर ५० लक्स (लक्स हे उजेडाचं माप), तैलरंगांवर २०० लक्सच्या आसपास प्रकाश ठेवतात, दिवा वरून साधारण ३० अंशांत वळवतात. सभागृहात हे होणार नाही, पण माहीत असलं की दोष कोणाचा ते ठरवता येतं. टांगणीचंही तसंच. चित्राचा मध्य जमिनीपासून १४५ ते १५० सेंमीवर असावा. भिंतीला खिळा मारू देत नाहीत म्हणून लोखंडी स्टँडच्या वरच्या दांडीला चित्रं अडकवली जातात, आणि छोटी चित्रं डोक्यावर जातात. टेपने मोजून लिहिलं की तक्रार न राहता नोंद होते.

लेबलं वाचायची ती संशयाने नव्हे, पण काळजीने. चित्राचं नाव, वर्ष, माध्यम, आधी उंची मग रुंदी. ‘मिश्र माध्यम’ लिहिलं असेल तर विचारा : कशात काय मिसळलं? ॲक्रिलिकवर तेलरंग चालतो, तेलरंगावर ॲक्रिलिक धरत नाही, काही काळाने सुटू लागतो. म्हणजे हा प्रश्न नुसत्या माहितीचा नाही. कॅनव्हासवर छापलेलं चित्रही हल्ली भिंतीवर येतं. भिंगाखाली बारीक विखुरलेले रंगीत ठिपके दिसले तर ते इंकजेट. छपाईवर पारदर्शक जेलचे फटकारे मारून हाताचं काम भासवलं असेल तर एक खूण हमखास सापडते : फटकाऱ्याची दिशा आणि रंगाची कड जुळत नाहीत. छापील काम वाईट असतं असं मुळीच नाही, फक्त ते छापील आहे असं लेबलवर हवं. मुद्राचित्रणात तळाशी पेन्सिलीने ४/२५ असं लिहिलेलं असतं, म्हणजे पंचवीस प्रतींपैकी चौथी. एचिंग, म्हणजे आम्लाने कोरलेल्या धातूच्या प्लेटवरून घेतलेला छाप, असेल तर कागदावर प्लेटच्या कडेचा दाब बोटाशिवाय, नुसत्या तिरप्या उजेडातही दिसतो.

मांडणीशिल्प आणि व्हिडिओ यांच्यासमोर मुलं बिचकतात. कोचीची बिएनाले, म्हणजे समकालीन कलेचं मोठं प्रदर्शन, २०१२पासून होते आहे, ती पाहून आलेल्यांच्या वहीतही सुरुवातीला ‘विचारांना चालना देणारं’ एवढंच असतं. इलाज तोच, डावी बाजू भरायची. व्हिडिओ किती मिनिटांचा, कुठून सुरू होतो की गोल फिरत राहतो, किती पडदे, आवाज कुठून येतो, शेजारच्या कामाचा आवाज यात मिसळतो का, बसायला काही आहे का. मांडणीत वस्तू कोणत्या, जुन्या आणलेल्या की करून घेतलेल्या, त्यातून चालता येतं की बाहेरूनच बघायचं. पूर्ण व्हिडिओ पाहिला नसेल तर तसं लिहायचं.

भिंतीवरचं निवेदन मात्र सगळ्यात शेवटी वाचायचं. ते आधी वाचलं की समीक्षा म्हणजे त्याचंच मोडकंतोडकं भाषांतर होते; अवकाश, अस्मिता, विस्थापन, हस्तक्षेप हे शब्द रांगेने उतरतात. आमची तपासणी सोपी आहे. आपलं वाक्य उचलून दुसऱ्या एखाद्या प्रदर्शनाच्या समीक्षेत ठेवून बघा. तिथेही बसत असेल तर काढून टाका. निवेदनात म्हटलं आहे आणि कामात सापडत नाही, असं काही असेल तर तोच समीक्षेचा सर्वांत मोलाचा परिच्छेद ठरू शकतो.

लिहायला बसताना लांबी ६०० ते ८०० शब्द. कुठे, केव्हा, कोणाचं, किती कामं, कोणतं माध्यम, हे पहिल्या परिच्छेदात. मग दोन कामं जवळून, तीन-चार ओझरती, आणि मत त्या वर्णनातून वर येऊ द्यायचं. बावीस चित्रांवर प्रत्येकी एक ओळ लिहिली की यादी होते, आणि यादी हवी असेल तर ती वेगळी जोडावी. इथे आम्ही अठराव्या शतकातले फ्रेंच लेखक देनी दिदरो यांचा दाखला देतो. १७५९पासून पॅरिसच्या सालाँ प्रदर्शनांवर ते लिहायचे ते ग्रिम यांच्या हस्तलिखित पत्रिकेसाठी. तिचे मोजके वर्गणीदार पॅरिसपासून दूर, युरोपातल्या दरबारांत. ती चित्रं त्यांच्या नजरेला पडणार नव्हती. म्हणून चित्रात कोण कुठे उभं आहे, उजेड कुठून येतो, हे दिदरो यांना शब्दांत उभं करावं लागलं. सोलापूरचा वाचक रविवारनंतर त्याच जागी असतो.

सरावातला एक नमुना. पहिला मसुदा : ‘चित्रकाराने सिद्धेश्वर तलावाचे विलोभनीय दर्शन घडवले असून रंगांची उधळण मन मोहून टाकते.’ वहीतल्या नोंदी पुन्हा वाचून केलेला दुसरा : ‘तलावाच्या सहा जलरंगांपैकी तिसऱ्यात पाणी रंगवलेलेच नाही. देवळाची भिंत आणि पाणी, दोन्ही कोरा कागद. मध्ये काठाची एकच ओली राखाडी रेघ, आणि तेवढ्याने पाणी आडवे पसरते. बाकीच्या पाचांत निळ्यावर निळा चढवला आहे. पहिला थर पुरता वाळण्याआधी दुसरा दिल्याने प्रतिबिंबांच्या कडांना डाग उठले आहेत, आणि त्या डागांमुळे पाणी गढूळ न होता कागद थकलेला दिसतो.’ दुसऱ्या मसुद्यात स्तुती आहे, दोष आहे, आणि ‘विलोभनीय’ नाही. चित्र न पाहिलेल्यालाही तिसरं चित्र का वेगळं ते कळतं.

दोष लिहिण्याची वेळ आली की वर्गात एकच वाक्य येतं : ‘सर, त्यांना राग येईल हो.’ चिंता रास्त आहे. चित्रकार बहुतेक वेळा कुणाच्या तरी शाळेतले ड्रॉइंगचे सर असतात, एलिमेंटरी-इंटरमिजिएटला त्यांनीच बसवलेलं असतं, परवा बाजारात भेटणारच असतात. त्यावर आमचं उत्तर असं, की दोष चित्रात बोट ठेवून दाखवता आला पाहिजे : कोणतं चित्र, कोणता कोपरा, काय घडलं, त्याने काय बिघडलं. असं लिहिलेलं जाणत्या चित्रकाराला टोचतं, पण अपमान वाटत नाही. उलट कुणीतरी नीट पाहिलं याचं समाधान असतं. वर्ष, आकार, माध्यम, नावाचं शुद्धलेखन त्यांच्याकडून तपासून घ्यावं. मसुदा मात्र मंजुरीसाठी दाखवू नये. चित्रांच्या किमती समीक्षेत नकोत, आणि समीक्षकाने त्या प्रदर्शनातून चित्र भेट घेऊ नये. घेतलं तर लिहू नये.

छायाचित्र छापताना कायदा माहीत असावा. १९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार चित्रावरचा हक्क चित्रकाराच्या हयातीत आणि त्यानंतर ६० वर्षं राहतो. हुसेन २०११ साली वारले, म्हणजे त्यांच्या चित्रांवरचा हक्क २०७१ अखेरपर्यंत. राजा रविवर्मा १९०६ साली वारले, त्यांची चित्रं मोकळी आहेत. समीक्षेसाठी योग्य मर्यादेत वापर करायला कायद्यात सवलत आहे, पण ती समीक्षेपुरती. तेच चित्र मुखपृष्ठावर शोभेसाठी टाकलं तर ती लागू होत नाही. दुसऱ्याने काढलेला फोटो असेल तर त्या फोटोचा हक्क वेगळा असतो. चित्र कापून छापू नये. जागा कमी असेल तर लहान छापावं, आणि खाली ‘तपशील’ असं लिहिल्याशिवाय तुकडा छापू नये.

छापून आल्यावर काम संपत नाही. निमंत्रणपत्रिका, किमतीची यादी, चित्रांची लेबलं, आपल्या वहीची पानं आणि छापलेली समीक्षा हे सगळं एका पाकिटात, वर पेन्सिलीने तारीख, सभागृह, चित्रकाराचं नाव. स्कॅन ३०० डीपीआयवर, फाइलच्या नावात आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, म्हणजे संगणकात आपोआप क्रमाने लागतात. वर्तमानपत्राचा कागद आम्लामुळे पिवळा पडतो आणि शेजारच्या कागदालाही डाग देतो, म्हणून कात्रण इतर कागदांना लावून ठेवायचं नाही. चांगल्या कागदावर त्याची झेरॉक्स काढून ती पाकिटात, मूळ कात्रण वेगळ्या फोल्डरमध्ये. पाकिटाची दुसरी प्रत एखाद्या सार्वजनिक वाचनालयाला द्यावी आणि पोच घ्यावी. फाटलेल्या कागदाला सेलोटेप लावू नये. त्याचा गोंद काही वर्षांत तपकिरी होऊन अक्षरांत उतरतो आणि मग निघत नाही. पातळ जपानी कागदाची पट्टी आणि गव्हाच्या सत्त्वाची पातळ खळ, हा उपाय धरतो, आणि पाण्याने सोडवताही येतो.